स्पोलिआरियम, कीचक आणि वऱ्हाडचा कापूस

हुआन लूना या फिलिपिनो चित्रकाराने १८८४ मध्ये रोममध्ये पुरे केलेले 'स्पोलिआरियम' हे तैलचित्र स्पॅनिश जुलमाचे प्रतीक म्हणून ओळखले जाते. त्या चित्रात फिलिपिन्स कुठेही नाही. त्यात स्पॅनिश शिपाई नाही, पाद्री नाही, मनिला शहर नाही आणि एकही फिलिपिनो माणूस नाही. विषय प्राचीन रोमचा आहे. रोमन आखाड्यात लढून मेलेले ग्लॅडिएटर तळघरात ओढत नेत आणि तेथे त्यांच्या अंगावरची शस्त्रे व कपडे काढून घेत. त्या तळघराचे नाव स्पोलिआरियम. परक्या देशाच्या, दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या या प्रसंगाला एका वसाहतीच्या दुःखाचा अर्थ कसा चिकटला, हा प्रश्न फिलिपिन्सपुरता नाही. त्याच काळात महाराष्ट्रातही पुराणातल्या चित्रांना असाच अर्थ येत होता. त्या अर्थाने काय साधले आणि कोणते दुःख त्यात बसलेच नाही, हे पाहायचे तर वऱ्हाडातल्या खामगावची कापसाची बाजारपेठ समोर ठेवावी लागते.

चित्र सव्वाचार मीटरांच्या आसपास उंच आणि साडेसात मीटरांहून अधिक रुंद आहे. मध्यभागी दोन मेलेल्या ग्लॅडिएटरांना फरशीवरून ओढत नेले जात आहे. ओढणाऱ्यांच्या पाठी वाकल्या आहेत, दंड ताणले आहेत आणि फरशीवर रक्ताचा माग उमटला आहे. डावीकडे बघ्यांची दाटी आहे. त्यांतल्या काहींचे डोळे प्रेतांवर मिळणाऱ्या लुटीकडे लागले आहेत. उजवी बाजू अंधारी आहे. तेथे एक स्त्री जमिनीवर कोसळली आहे. तिची पाठ पाहणाऱ्याकडे आहे आणि वस्त्र खांद्यावरून घसरले आहे. एक म्हातारा मशालीच्या उजेडात आपला माणूस शोधतो आहे. वरच्या रिंगणात बसलेला सम्राट, टाळ्या वाजवणारे प्रेक्षक, मारण्याचा हुकूम देणारा हात, यांतले काहीच दिसत नाही. प्रेते ओढणारी माणसेही नोकर किंवा गुलामच आहेत. जुलूम करणारा चौकटीबाहेर ठेवला आहे आणि जुलमाचे फळ तेवढे आत आले आहे.

लूना १८५७ मध्ये इलोकोस नोर्ते प्रांतातील बादोक गावी जन्मला. आधी तो नौकानयन शिकला, मग मनिलाच्या चित्रशाळेत गेला आणि १८७७ मध्ये स्पेनला पोचला. त्या काळच्या युरोपीय कलाशाळांत मोठे बक्षीस हवे असेल तर भव्य आकाराचे ऐतिहासिक चित्र काढावे लागे, आणि इतिहास म्हणजे बहुधा ग्रीस, रोम किंवा राजघराणी. लूनाने हा नियम पुरेपूर पाळला. १८८१ मध्ये क्लिओपात्राच्या मृत्यूच्या चित्राला त्याला रौप्यपदक मिळाले आणि १८८४ च्या माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात 'स्पोलिआरियम'ला सुवर्णपदक. त्याच प्रदर्शनात त्याचा देशबंधू फेलिक्स रेसुरेक्सिऑन इदाल्गो याच्या, जमावापुढे उभ्या केलेल्या ख्रिस्ती कुमारिकांच्या चित्राला रौप्यपदक लाभले. राज्यकर्त्यांच्या राजधानीत, त्यांच्याच परीक्षकांपुढे, त्यांच्याच कलेत वसाहतीतली दोन मुले वर आली होती. फिलिपिनो माणूस बुद्धीने हलका आहे, हे मनिलातले पाद्री आणि अधिकारी उघड बोलत असत. त्या बोलण्याला पदकांनी परस्पर उत्तर दिले.

चित्राला प्रतीकाचा अर्थ मिळाला तो २५ जून १८८४ रोजी, माद्रिदमधल्या एका खाणावळीत दोन्ही चित्रकारांच्या सत्कारासाठी भरलेल्या मेजवानीत. तेथे होसे रिझाल बोलला. तो तेव्हा तेवीस वर्षांचा वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि त्याची 'नोली मे तांगेरे' ही कादंबरी यायला अजून तीन वर्षे होती. प्रतिभेला देश नसतो, हे सांगून त्याने लूनाच्या चित्रात पूर्वग्रह, धर्मवेड आणि अन्याय यांच्याशी चाललेली माणसाची झुंज दाखवली. त्याने स्पेनविषयी आपुलकीचे शब्दही काढले, कारण त्या सभेला अजून फुटून निघायचे नव्हते. तिला समान हक्क हवे होते. ग्रासिआनो लोपेस हाएना हा वक्ता पुढे गेला. फिलिपिन्स हेच खरे स्पोलिआरियम आहे, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. त्या रात्रीनंतर चित्राकडे रोमचे चित्र म्हणून पाहणे फिलिपिनो माणसाला शक्य राहिले नाही.

लूनाने हा अर्थ मनात धरूनच कुंचला उचलला होता, असे सांगण्याचा मोह चरित्रकारांना होतो. पण त्याचीच दुसरी चित्रे त्याला आड येतात. 'स्पोलिआरियम'नंतर लवकरच, १८८६ च्या सुमारास, त्याने 'स्पेन आणि फिलिपिन्स' हे चित्र काढले. त्यात स्पेन ही थोरली बाई फिलिपिन्स या धाकटीच्या कमरेभोवती हात घालून तिला पायऱ्यांवरून वर नेते आहे आणि दूरच्या उजेडाकडे बोट दाखवते आहे. वसाहतवादाने स्वतःविषयी जे सांगायचे ते सगळे या एका चित्रात आहे. एकाच हाताने दोन वर्षांत काढलेली ही दोन चित्रे परस्परविरोधी आहेत, आणि फिलिपिनो जनतेने त्यांतले एक आपले मानले. प्रतीक घडवण्याचे काम येथे चित्रकाराने अर्धे केले. उरलेले अर्धे सभेने, वृत्तपत्रांनी आणि पुढच्या घटनांनी केले. १८९६ मध्ये क्रांतीचा वणवा पेटला. कातिपुनान या गुप्त संघटनेशी संबंधाच्या संशयावरून लूनाला मनिलात अटक झाली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला रिझालला गोळ्या घालून मारण्यात आले. मेजवानीतल्या भाषणाने चित्राला अर्थ दिला होता. रिझालच्या मरणाने तो कायम केला.

महाराष्ट्रात या घडामोडीशी मिळतेजुळते काम छापील चित्रांनी सुरू केले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली. देवादिकांची रंगीत चित्रे, रामपंचायतन, शिवाजी महाराज आणि पेशवाईतले मुत्सद्दी यांची चित्रे तिच्या शिळाछापातून घरोघर गेली. धार्मिक चित्र विकत घेणाऱ्याला शेजारीच इतिहासातला पुरुष दिसे, आणि दोघेही एकाच भिंतीवर टांगले जात. पुढे चित्रशाळेची धुरा वाहणारे वासुकाका जोशी हे टिळकांच्या निकटच्या वर्तुळातले होते. छापखाना आणि राजकारण यांच्यात येथे भिंत नव्हती.

दुसरा प्रवाह राजा रविवर्म्याचा. लूनासारखाच तोही राज्यकर्त्यांच्या चित्रपद्धतीत निष्णात होता. त्यानेही पदके मिळवली आणि मद्रासचा गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम याची तसबीर काढली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्याने १८८८ ते १८९० या काळात पुराणकथांवरची चित्रमाला रंगवली. १८९४ मध्ये त्याचा छापखाना मुंबईत उभा राहिला आणि काही वर्षांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तैलचित्राची छापील प्रत आता साध्या दुकानदाराला परवडू लागली. रविवर्म्याने रंगवलेल्या प्रसंगांत कीचक आणि सैरंध्री यांचा प्रसंग होता: सत्तेच्या जोरावर अंगचटीला येणारा धिप्पाड पुरुष आणि त्याच्यापासून तोंड फिरवून आक्रसलेली स्त्री. ते रंगवताना चित्रकाराच्या मनात इंग्रज होता, असे मानायला आधार नाही. विराटपर्वातला तो प्रसंग होता आणि राजवाड्याला शोभेल अशा रीतीने रंगवला होता.

राजवाड्याच्या या प्रसंगाला राजकीय अर्थ आला तो रंगभूमीवरून. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे 'केसरी'तले टिळकांचे सहकारी. शतकाच्या सुरुवातीला कौलांच्या कारखान्याच्या आडोशाने शस्त्रे बनवण्याच्या खटपटीत ते नेपाळमध्ये राहिले होते. १९०७ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने त्यांचे 'कीचकवध' रंगमंचावर आणले. कथा सर्वांना ठाऊक होती. पांडव अज्ञातवासात विराटाच्या घरी चाकरी करत आहेत. राणीचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक दासी झालेल्या द्रौपदीवर डोळा ठेवतो. धर्मराज संयम सांगतो, आणि स्वयंपाकघरात राबणारा भीम कीचकाला ठेचून मारतो. नाटकात राजकारणाचा एकही शब्द उघड आलेला नव्हता. तरी प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाला कीचक म्हणजे व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे कुणी समजावून द्यावे लागत नव्हते.

हे सांगणारा सर्वांत ठाम साक्षीदार विरोधी पक्षाचा आहे. लंडनच्या 'टाइम्स'चा व्हॅलेंटाइन चिरोल याने १९१० मध्ये हिंदुस्थानातील अशांततेवर पुस्तक लिहिले आणि त्यात 'कीचकवधा'ची ही उकल तपशिलाने दिली. त्याआधी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी गोळ्या घातल्या होत्या. १९१० मध्ये मुंबई सरकारने १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली 'कीचकवधा'वर बंदी आणली. त्याच वर्षी आलेल्या वृत्तपत्र कायद्याने जप्त करता येण्याजोग्या दस्तऐवजांत रंगचित्र, रेखाचित्र आणि छायाचित्र यांचाही समावेश केला. दिसणारी वस्तू हाही राजद्रोह असू शकतो, हे सरकारने कायद्यात लिहून टाकले. देवाचे चित्र जप्त करायचे तर अधिकाऱ्याला त्या देवाने कोणता राक्षस मारला आणि तो राक्षस कोण, हे आधी मान्य करावे लागे. बंदीचा प्रत्येक हुकूम म्हणजे कीचकात सरकारने स्वतःला ओळखल्याची नोंद होती.

'स्पोलिआरियम'पेक्षा ही प्रतिमा सामान्य माणसापर्यंत किती तरी सहज पोचली. लूनाचे चित्र बार्सिलोनाच्या प्रांतिक सरकारने विकत घेतले आणि १९५८ मध्ये स्पेनने ते फिलिपिन्सला देईपर्यंत ते त्या देशात आलेच नाही. बादोकच्या शेतकऱ्याला त्याची कीर्ती ऐकू आली असेल. चित्र दिसले नाही. शिवाय रोमन आखाड्याची माहिती शिकलेल्यांनाच होती. कीचक मात्र श्रीधराच्या 'पांडवप्रतापा'तून, कीर्तनातून, आजीच्या तोंडून निरक्षर माणसाच्याही ओळखीचा होता. त्याची छापील प्रत भिंतीवर लागे आणि त्याचे सोंग रंगमंचावर येई. फिलिपिनो विद्यार्थ्यांना अर्थ लावण्यासाठी राज्यकर्त्यांचा इतिहास उसना घ्यावा लागला. मराठी माणसाला तो स्वतःच्या घरात मिळाला. वसाहतविरोधी प्रतिमांच्या इतिहासात ही फार मोठी शक्ती आहे आणि तिचे श्रेय खाडिलकरांइतकेच ती कथा शतकानुशतके जिवंत ठेवणाऱ्या हरदासांना आणि बायकांना आहे.

याच शक्तीत एक उणीव होती, आणि ती खामगावातून स्पष्ट दिसते.

नाटकातल्या कीचकाचा आणि वऱ्हाडचा थेट संबंध आहे. निजामाच्या फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या कर्जासाठी कंपनीने १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार आपल्या हाती घेतला. मालकी निजामाची आणि अंमल इंग्रजांचा, अशी व्यवस्था जवळपास पन्नास वर्षे चालली. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने हैदराबादला जाऊन निजाम महबूब अलीखानाची संमती मिळवली आणि वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आले. पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले. एका मुलखाचा असा सौदा झाला आणि तेथल्या एकाही माणसाला विचारले गेले नाही. बंगालच्या फाळणीमुळे कर्झन देशभर कुप्रसिद्ध झाला; वऱ्हाडाने त्याचा हात तीन वर्षे आधीच पाहिला होता.

वऱ्हाड इंग्रजांना हवे होते ते कापसासाठी. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर काळ्या कसदार जमिनीच्या या पट्ट्यावर पडली. भुसावळहून नागपूरला जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला अशी कापसाच्या रानातून काढली गेली. खामगाव तेव्हा वऱ्हाडातली कापसाची सर्वांत मोठी पेठ होती आणि मुख्य मार्गापासून बाजूला पडत होती. म्हणून जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे तेरा किलोमीटरचा खास फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आला. आदल्या वर्षी सुवेझ कालवा खुला झाला होता आणि त्याच वर्षी मुंबई समुद्री तारेने लंडनशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता खामगावच्या आडत्याला काही तासांत कळू शकत होता. रेल्वे, कालवा आणि तार ही तीन साधने दोन वर्षांत एका लहानशा गावाच्या वेशीवर येऊन मिळाली, याचे कारण त्या गावात पडणारे कापसाचे ढीग होते.

दिवाळी सरली की वेचणी जोर धरे आणि गाड्यांच्या रांगा बाजाराकडे लागत. आडत्या गाडीत हात खुपसून मूठभर कापूस काढी, बोटांनी धागा ओढून पाही, ओलावा आणि कचरा अजमावी आणि भाव सांगे. शेतकऱ्याचा माल बहुधा आधीच गुंतलेला असे. पेरणीच्या वेळी बियाण्याला, साऱ्याला, लग्नाला उचल घेतलेली असे आणि तोलाईनंतर हातात येणारी रक्कम त्या उचलीतून उरलेली असे. आधी घरी रेच्यावर सरकी काढली जाई आणि त्यावर बायकांना काम मिळे. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले तेव्हा ते काम यंत्राकडे गेले. रुई दाबून गाठी बांधल्या जात आणि त्या वाघिणींतून मुंबईला. उलट दिशेने विलायती सूत आणि कापड येई. ज्या मुलखात कापूस पिकत होता तेथेच साळी आणि कोष्टी यांचे माग थंडावले.

बाजारावर सरकारचे बारकाईने लक्ष होते. कारंज्याला १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. त्यामागचा हेतू गिरण्यांना स्वच्छ कापूस रास्त भावात मिळावा, हा होता. ज्वारीच्या जमिनी कापसाखाली गेल्या होत्या. रयतवारीने शेतकऱ्याला जमिनीवर हक्क दिला आणि त्याच हक्कामुळे जमीन गहाण टाकता आणि विकता येऊ लागली. १८९६-९७ आणि पुन्हा १८९९-१९०० च्या दुष्काळात पाऊस हुकला, धान्याचे भाव चढले, आणि देशातल्या समृद्ध गणल्या जाणाऱ्या या कापूसपट्ट्यात माणसे उपासमारीने आणि रोगाने मोठ्या संख्येने मेली. रेल्वे तेव्हाही धावत होती.

या सगळ्या व्यवहारात कीचक कोण? आडत्या नव्हे, तो मुंबईच्या व्यापाऱ्याच्या भावाने बांधलेला होता. व्यापारी लिव्हरपूलच्या भावाने बांधलेला. कलेक्टर साऱ्याच्या वेळापत्रकाने बांधलेला. सावकार गावातलाच आणि अडीअडचणीला उभा राहणारा. प्रत्येक जण आपले काम करत होता आणि सगळ्यांच्या कामाची बेरीज म्हणजे शेतकऱ्याच्या घरातून धान्य, जमीन आणि कापूस निघून जाणे. अशा लुटीला चेहरा नसतो. ती जबरदस्तीसारखी दिसत नाही. बाजारासारखी दिसते, आणि बाजार गजबजलेला असेल तर भरभराटीसारखी दिसते. कीचकाच्या चित्राने इंग्रजी सत्तेची मग्रुरी अचूक पकडली. पण त्या चित्रात देश म्हणजे विटंबना झालेली स्त्री होती, उपाय म्हणजे एक बलवान पुरुष, आणि कीचक मेला की प्रश्न मिटत होता. कर्झन १९०५ मध्ये निघून गेला. खामगावच्या वखारीत गाठी बांधणे एक दिवसही थांबले नाही.

येथे लूनाचे चित्र अधिक खोल गेले आहे, असे म्हणावे लागते. त्याने खलनायक रंगवला नाही. तळघरात जे दिसते ते मारून झाल्यानंतरचे नेहमीचे काम आहे: प्रेत ओढणे, चिलखत काढणे, जागा मोकळी करणे. राबणारे राबत आहेत, बघणारे बघत आहेत, रडणारी रडते आहे आणि हुकूम देणारा वर कुठेतरी आहे. वसाहतीची व्यवस्था रोजच्या रोज चालते ती अशीच. लोपेस हाएनाला आपल्या देशाचे स्पोलिआरियम झालेले दिसले तेव्हा त्याने एखाद्या गव्हर्नरवर बोट ठेवले नाही. एका संपूर्ण जागेवर ठेवले. कीचकाच्या प्रतिमेने लोकांना चेतवले, आणि चेतवणे हे त्या वेळचे मोठे काम होते. समजावून देण्याचे काम मात्र तिच्याकडून झाले नाही, कारण ज्याच्या घामावर बाजार उभा होता त्या कुणब्याला त्या चित्रात जागाच नव्हती.

ती जागा त्याआधीच एका माणसाने मागितली होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला आणि त्यातला भाग बडोद्यात सयाजीरावांना वाचून दाखवला. काही वर्षांनी त्याच महाराजांनी रविवर्म्याकडून पुराणचित्रे करवून घेतली. १८८८ मध्ये पुण्यात हरी रावजी चिपळूणकरांनी राणी व्हिक्टोरियाचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याला मेजवानी दिली. प्रतिष्ठित मंडळी दागिन्यांनी नटून आली होती. फुले फाटके पागोटे आणि खांद्यावर घोंगडी अशा शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि तेथे बोलायला उभे राहिले. समोरची जडजवाहिराने मढलेली माणसे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी प्रजा खेड्यांत उपाशी आणि अडाणी आहे आणि तिला शिक्षण हवे आहे, हे राणीला कळवा, असे त्यांनी राजपुत्राला सांगितले.

माद्रिदची मेजवानी आणि पुण्याची मेजवानी यांत चारच वर्षांचे अंतर आहे. रिझालपुढे सुवर्णपदक मिळालेला भव्य कॅनव्हास होता आणि त्यात त्याने आपला देश वाचून दाखवला. फुल्यांपुढे चित्र नव्हते, म्हणून त्यांनी स्वतःला चित्र केले. त्यांनी रोम उसने घेतले नाही आणि विराटनगरीही नाही. जो माणूस चित्रात येत नाही तो सदेह मेजवानीच्या दालनात आणून उभा केला आणि राज्यकर्त्याबरोबरच त्याच्या शेजारी बसलेल्या देशी श्रीमंतालाही जाब विचारला. कीचकाच्या रूपकाला हा दुसरा जाब कधी विचारता आला नसता, कारण त्या रूपकात सगळे देशी लोक पांडवांच्याच बाजूला बसत होते. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात वसाहती जुलमाचे सर्वांत नेमके चित्र कोणते, असे विचारले तर उत्तर म्हणून या घोंगडीकडेच बोट दाखवावे लागेल.

कीचक मात्र पुढेही चालत राहिला. कोल्हापूरचे चित्रकार बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाकडे वळले. त्यांचा 'सैरंध्री' १९२० मध्ये पुण्यात दाखवला गेला. भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग पडद्यावर इतका खरा उतरला होता की परीक्षण मंडळाने तो कापायला लावला. नाटकावरच्या बंदीला दहा वर्षे झाली होती, तरी सरकारला कीचक मरताना पाहवत नव्हते. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. त्यांच्या नावाने गावोगाव राष्ट्रीय शाळा निघाल्या. खामगावचे टिळक राष्ट्रीय विद्यालय त्यांतलेच. याच गावात पुढे चित्रकलेच्या शिक्षणाशी पंधे गुरुजींचे नाव कायमचे जोडले गेले. कापसाच्या पेठेत चित्रकलेची परंपरा रुजली, ही वऱ्हाडच्या सांस्कृतिक इतिहासातली अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

बाबूरावांनीच १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. देवदेवता आणि राजेरजवाडे यांनी भरलेल्या मराठी पडद्यावर प्रथमच कर्जात बुडालेला शेतकरी आला. सावकार खोट्या कागदाच्या आधारे त्याची जमीन गिळतो आणि तो मजुरीसाठी शहराकडे जातो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. चित्रकाराचा डोळा आता झोपडीवर, अंधारावर आणि थकलेल्या माणसावर स्थिरावला होता. लूनाच्या तळघरातल्या अंधाराशी नाते सांगणारे चित्र अखेर मराठीत तयार झाले, आणि त्यात फुल्यांचा शेतकरी होता. तरी त्याची नजर गावच्या सावकारापाशी थांबते. त्याच्या मागे उभा असलेला आडत्या, आडत्यामागची मुंबईची पेढी आणि पेढीमागचा लिव्हरपूलचा भाव पडद्यावर आले नाहीत. जलंबच्या फाट्यावरून गेलेल्या गाठींचा पुढचा प्रवास दादाभाई नौरोजींच्या आकडेवारीत आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांत नोंदला गेला. चित्रकारांकडून तो काढायचा राहिला.